मनगटावरचं वृंदावन

त्र्याण्णव साली, बाबांच्या बँकेमुळे आम्ही लखनौला होतो. आजी गेली त्या उन्हाळ्यात आईने अमीनाबादच्या बाजारात तिच्यासारखंच तुळशीवृंदावन मनगटावर गोंदवून घेतलं. नक्षी आठवून स्वतःच कागदावर काढून नेली होती.

"सूजेगा, फिर पपड़ी आएगी. नोचना मत, दीदी," मशीनवाला म्हणाला. "झड़ेगी तो एकदम काला निकलेगा."

खपली पडली, तर खालचं गोंदण हिरवट आणि विटकं, आजीच्या हातावर होतं तसं. तव्याचा चटका बसून आजीच्या वृंदावनाचा एक कोपरा पुसला गेला होता. इथेही तोच पुसलेला.

"तो कोपरा मी नीट काढून दिला होता," आई म्हणाली. मग तिने मनगट नाकाशी नेलं. "तिच्या मिश्रीचा वास येतोय गं."

मला भीती नाही वाटली. लहानपणी मी आजीचं मनगट धरूनच झोपायचे. त्या दुपारी आईचं तसंच धरून कूलरसमोर आडवी झाले. सैल, मऊ कातडीवरून अंगठा फिरवता फिरवता डोळा लागला.

जाग आली आईच्या हाकेने.

"उठ, चहा झालाय," ती स्वयंपाकघरातून म्हणत होती.

मनगट अजून माझ्या मुठीत होतं.