मठातल्या चाळीस प्रार्थना

"आजही उशी उलटीच लावली," काकू पुटपुटल्या. कोणाला उद्देशून नाही, पण खोली एवढीशी की तिघांनाही ऐकू गेलं. तिघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

खाटेवर काकूंचे यजमान होते. त्यांना सगळे सर म्हणत. अकरा महिन्यांपूर्वीच्या झटक्यात उजवा हात गेला, वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं.

भोवती उभे होते ते सरांचे तीन शिष्य: मेंदूच्या डॉक्टरीणबाई, भाषा शिकवणाऱ्या बाई आणि धर्मांचा इतिहास लिहिणारे एक प्राध्यापक. प्राध्यापकांना दोघी पाठीमागे पोथीबुवा म्हणत. हल्ली तोंडावरही म्हणत. एकच संशोधन तिघांचं, आणि तिघांमधून विस्तव जात नव्हता.

संशोधन सरांच्या पोथीवर चालायचं. सर सांगायचे, तरुणपणी ते एका डोंगरातल्या मठात राहून आले होते. तीनशे वर्षांपूर्वी वाचा गेलेली माणसं त्या मठात येत आणि तिथले साधक चाळीस प्रार्थना शिकवून त्यांना बोलतं करत. त्या प्रार्थना सरांनी उतरवून आणल्या. पुढे मठ जळाला, उरली ती सरांची वही. त्या वहीवर सरांचं नाव झालं, विभाग उभा राहिला, या तिघांची पोटं भरली. आता वैद्यालाच दुखणं जडलं होतं आणि औषध त्याचंच होतं.

अकरा वाजता विद्यापीठाची समिती येणार होती. कागदावरचे बरे झालेले रोगी समितीने पुष्कळ पाहिले होते. आज डोळ्यांसमोर एक पाहायचा होता. सर एक वाक्य बोलले तर विभाग राहणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप. डॉक्टरीणबाईंना त्यांचा दवाखाना होता, पोथीबुवांना निवृत्तिवेतन. भाषेच्या बाईंना काहीच नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कंत्राटी बाईला दुसरीकडे कोण उभं करतो?

म्हणून त्या सकाळपासून सरांचा जीव खात होत्या. अकरावी प्रार्थना, पुन्हा अकरावी. सरांच्या तोंडून नुसता वारा येत होता.

"तिथे नका थांबवू त्यांना," चादरीची घडी घालताना काकू म्हणाल्या. "पुढच्या शब्दावर श्वास घेऊ द्या."

"काकू, हे तुमचं स्वयंपाकघर नाही."

"नाही खरं. तिथे निदान हात कोणाचा आहे ते चवीवरून कळतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. काकूंच्या बोलण्याला नव्हे, भाषेच्या बाईंचं तोंड बघून. मग त्यांनी ऐकवलं, की प्रार्थनांमध्ये श्वासाचं गणित आहे, ते सगळ्यांत आधी त्यांनी दाखवलं, तेव्हा येणाऱ्या पुस्तकावर पहिलं नाव त्यांचं. भाषेच्या बाई उसळल्या. सोपे उच्चार आधी, अवघड मागून, अगदी बालवर्गाच्या धड्यांसारखी रचना आहे, हे कोणी शोधलं? पोथीबुवांनी चष्मा पुसत सांगितलं, की मुळात पोथी म्हणजे इतिहास आणि इतिहास म्हणजे ते.

"मग मठाची जागा दाखवा की एकदा नकाशावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पोथीबुवांनी आणखी बराच वेळ चष्मा पुसला. भाषेच्या बाईंनी एकदम वही चाळायला घेतली. डॉक्टरीणबाईंनाही आपण नको ते बोललो असं वाटलं असावं, कारण त्यांनी सरांची नाडी धरली. ती मघाशीच पाहून झाली होती.

काकू मुलीच्या फोनसाठी बाहेर जाऊन आल्या. मुलगी वकील होती. पाच वर्षांची होईपर्यंत चकार शब्द बोलली नव्हती, आता तिला थांबवायला न्यायाधीशांना घड्याळ दाखवावं लागतं, असं काकूंनी आल्या आल्या सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

"काकू, तुम्हाला सर बोलायला हवेत की नको?" भाषेच्या बाईंनी विचारलं.

"चाळीस वर्षं बोललेच की. मी ऐकलं."

बाईंनी मनात म्हटलं, ही बाई नवऱ्याच्या मुळावर उठली आहे.

समिती आली. तीन माणसं, त्यांत अध्यक्षीणबाई मधे. भाषेच्या बाईंनी अकराव्या प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली आणि सर, अडखळत का होईना, दुसरी म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाठ केलेलं पोपटही म्हणतो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "यांच्या मनातलं काही ऐकवा. आणि आधी मला सांगा, या कामात मुख्य कोण?"

तिघेही एकदम बोलले. मग तिघेही एकमेकांवर बोलले. श्वास, धडे, इतिहास, पहिलं नाव. चोरी हा शब्दही येऊन गेला. समितीतल्या एकाने लिहिणं थांबवलं.

"पुरे. सर, तुम्हीच सांगा. ही पद्धत कोणाची?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

सरांनी तिघांकडे एकेक करून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मान ताठ केली. पोथीबुवांनी चष्मा चढवला. भाषेच्या बाईंचे ओठ सरांच्या ओठांबरोबर हलायला लागले.

काकू पहिल्यांदाच खाटेजवळ आल्या. त्यांनी सरांचा डावा हात धरला.

"अहो, राहू द्या," त्या हळू म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कशाला?"

सरांनी हात सोडवून घेतला आणि त्याच हाताचं बोट काकूंकडे वळवलं. श्वास घेतला. शब्द एकेक करून आले, पण स्वच्छ आले.

"मठ नव्हताच. मुलगी बोलत नव्हती, म्हणून हिने रचल्या. मी नाव मठाचं लावलं."