आपापलं उष्टं

कॉलेजच्या मेसमधल्या गरमागरम पोळीचा घास तोंडात घातला आणि मृण्मयीला शेपूचा वास आला. शेपू तर तिने जन्मात पानात वाढून घेतला नव्हता!

घास गालातच धरून ती ताटासकट तरातरा काउंटरपाशी गेली. "काका, मशीन ज्याच्या त्याच्या उष्ट्यापासूनच नवं जेवण बनवतं ना? मग हे कुणाचं?"

"चौदा नंबरच्या खोलीतल्या पोरीचं," मेस सांभाळणारे दिगंबरकाका म्हणाले. "तू आठवडाभर ताट चाटूनपुसून साफ करतेस. तुझं उष्टं आणू कुठून?"

सगळ्या पोरी मुद्दाम अर्धं ताट का टाकतात, ते मृण्मयीला आत्ता कळलं. तिने घास ताटात थुंकला.

काकांनी तो चिमट्याने उचलून तिच्या नावाच्या डब्यात टाकला.

"चला, उद्याची थोडी तरी सोय झाली."