आवराआवर

मी आवरायला घेतलं की घरातली नेमकी हवी ती वस्तू जाते, असं बायकोचं म्हणणं आहे. मागच्या महिन्यात मी कपाट आवरलं, तेव्हा मिक्सरचं गॅरंटी कार्ड रद्दीत गेलं आणि रिकामं खोकं मी जपून ठेवलं, एवढ्यावरून तिने हा निष्कर्ष काढलाय.

यंदा आकाशात आलेल्या धूमकेतूच्या बाबतीत मात्र मी कुठेही कसूर केली नाही. आठवडाभर सूर्य मावळला रे मावळला की मागच्या अंगणात दुर्बीण मांडून बसलो. शेवटच्या दिवशी ढग हटले आणि साठ फोटो मिळाले. पाहुण्यांची पुढची फेरी आता आठ हजार वर्षांनी.

घरात येऊन साठही फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचून त्यांचा एकच फोटो करायला घेतला. मधेमधे विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघा आल्या होत्या, म्हणून 'ताऱ्यांमधून जे जे सरकतंय ते पुसून टाक' अशी आज्ञा दिली. आकाश लख्ख झालं. मग उगाच पसारा नको म्हणून मूळ साठ फोटो कायमचे उडवले आणि बायकोला हाक मारली.

तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"तारे छान आलेत. धूमकेतू कुठाय?"

धूमकेतूही ताऱ्यांमधून सरकत असतो, हे मला तेव्हा आठवलं.

"मूळ फोटो असतील ना?"

मी खुर्चीची धूळ झटकायला लागलो.


"म्हणजे आकाशही आवरलंस."