मोराला मुंग्या

द्वारकाबाईंनी साखरेच्या पाण्यात बोट बुडवलं आणि टीव्हीच्या काचेवरून फिरवलं. खालच्या कडेनं एकदा, मग कोपऱ्यात अंमळ जास्तच. बाहेर मैदानात पोरं प्रार्थना म्हणत होती. दुसरीच्या वर्गात चिटपाखरू नव्हतं. काचेवर काही दिसतंय का, हे बाईंनी मान वाकडी करून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

साखरेच्या पाण्याची वाटी त्यांची रोजचीच. रंगीत खडू त्यात भिजवला की फळ्यावर रंग उठून दिसतो आणि हात लागला तरी झडत नाही. पडेगावच्या या शाळेत पहिलीचा वर्ग त्याच घेत आल्या होत्या, आणि पहिलीचा फळा म्हणजे द्वारकाबाईंचा मोर. माहेर पैठणचं, पदरावरचा मोर लहानपणापासून डोळ्यांत बसलेला. त्या मोराला खोड एकच. मुंग्या यायच्या. आणि एके काळी, मधली सुट्टी झाली की त्याच्या पिसाऱ्याची खालची पिसं रोज पुसलेली असायची. कोण पुसतं, हे बाईंना कधी कळलं नाही. ओरडा सगळ्या वर्गाला बसायचा.

मग प्रमोदिनी आली. बाईंच्याच हाताखाली बाराखडी शिकलेली पोरगी, आता दुसरीची मॅडम. बाई आयुष्यभर बाईच राहिल्या, आणि ही आल्या आल्या मॅडम! गावानं वर्गणी काढून टीव्ही घेतला, तोही हिच्याच वर्गात लागला. "तिला चालवता येतो," मुख्याध्यापक सदाशिवराव म्हणाले. जणू बाईंना दिला असता तर त्यांनी त्याच्यावर पापड वाळवले असते.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. बाई फळ्यावर मोराचा तुरा काढत होत्या आणि भिंतीपलीकडून मोर ओरडला. अगदी खराखुरा. अख्खी पहिली खिडकीला जाऊन चिकटली.

"बाई, मॅडमचा मोर नाचतोय!"

फळ्याकडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. माझा मोर काय मेला होता व्हय?

आणि आज केंद्रप्रमुख अनंतराव टीव्हीवरचा पाठ बघायला यायचे होते. पाठ घेणार प्रमोदिनी, आणि पोरं बाईंच्या पहिलीची. तो आवडला तर जूनपासून पहिलीचा वर्ग प्रमोदिनीकडं जाणार, असं सदाशिवरावांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. पहिली गेली तर बाईंजवळ राहिलं काय? मोर तर गेलाच होता, आता पोरंही चालली. होऊ दे एकदा तिचं हसं, बाई मनात म्हणाल्या, आणि बोट पदराला पुसून प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

खिचडी खाऊन पोरं सतरंजीवर बसली. अनंतराव खुर्चीत, सदाशिवराव त्यांच्यामागं, बाई दाराशी. टीव्ही लागला. मोरानं पिसारा फुलवला आणि त्या निळ्या-हिरव्या पिसाऱ्यावरून मुंग्यांची काळी रांग निघाली.

"मॅडम, मुंग्या! मोराला मुंग्या लागल्या!"

पोरं उठून टीव्हीला भिडली. सदाशिवराव फडकं शोधायला लागले. अनंतरावांच्या कपाळाला आठी पडली. बाईंच्या काळजाला कसा गारवा मिळाला! आता नाच म्हणावं.

प्रमोदिनीनं मोर घालवला. झालं, आटोपलं, असं बाईंना वाटलं. पण तिनं पडद्यावर नुसता कोरा पांढरा उजेड आणला. त्यावर एकेक मुंगी ठसठशीत दिसायला लागली.

"सर, फडकं राहू द्या," ती म्हणाली. "पोरांनो, हात कुणीच लावायचा नाय. नुसतं बघायचं. समोरून दुसरी मुंगी आली की ही काय करते?"

"थांबते!"

"मुका घेते!"

"नाय मॅडम, कानात सांगते!" वर्गात कधी तोंड न उघडणारी अंबिका ओरडली. "खाऊ कुठं हाय ते सांगते!"

अनंतराव खुर्ची सोडून पोरांत येऊन बसले. त्यांनीही बोटानं एक मुंगी दाखवली.

बाई दाराशी जळून कोळसा झाल्या. मुंग्या आपल्या, साखर आपली, पोरं आपली, आणि वाहवा हिची! रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा! मॅडम, हे सुचलं कसं तुम्हाला?" अनंतरावांनी विचारलं.

प्रमोदिनीनं टीव्हीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग तिनं दाराकडं पाहिलं. बाईंनी बोट पदरात लपवलं. आता ही सगळ्यांसमोर सांगणार.

"मला कुठलं सुचतंय, साहेब?" ती म्हणाली. "बाईंच्या फळ्यावर मुंग्या यायच्या. पहिलीत असताना मी त्याच बघत बसायचे. पहिली बाईंकडंच राहू द्या. टीव्ही त्यांच्या वर्गात लावा, चालवायला मी शिकवते."

"सदाशिवराव, ऐकलं ना?" अनंतराव उठले. सदाशिवराव चहाचं बघायला त्यांच्या पुढं धावले. पोरं अजून मुंग्यांपाशीच होती.

प्रमोदिनी दाराशी आली. बाईंना मान वर करवेना.

"बाई, तुमचा हात आखडला बघा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "साखर कमी पडली. मी पिसं चाटायचे तेव्हा मोर लई गोड असायचा."