डोळे मिटून सांगा

"नाकापेक्षा मोती जड झाला की हो!" ग्राइंडरची किंमत वाचून बायको म्हणाली आणि चटका बसल्यासारखा तिने तो परत फळीवर ठेवला. लेकीने स्वतःला नवं घेतल्यावर एस्प्रेसोचं जुनं यंत्र आईबापांकडे पाठवून दिलं होतं, फुकट. आता त्या फुकटच्या यंत्रापायी कॉफीच्या बिया दळायला ग्राइंडर हवा होता, आणि तो काही कुणी फुकट देत नव्हतं.

रफूगार तिच्या मागे उभा होता, दोन्ही हात खिशात घालून. औषधांनी त्याचा आजार बरा केला होता, पण बोटांची टोकं बधिर करून ठेवली होती. स्पर्श परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आला, असं त्याने महिन्यापूर्वी बायकोला सांगून टाकलं. झालं! त्या आनंदात तिने सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. सोमवारी त्याचं रफूचं दुकान पुन्हा उघडायचं होतं. आज सकाळीच त्याने न्हाणीघराची कडी लावून सुई धरून पाहिली होती. सुई केव्हाच खाली पडली होती आणि त्याची चिमटी तशीच हवेत धरलेली होती. खरं तर त्याने हादरायला हवं होतं. तो नुसता वाकून सुई शोधत बसला.

"काकू, तुमच्या आवाक्यातले हे दोनच," दुकानदारीण म्हणाली. "दोन्ही हाताने फिरवायचे. एवढ्याच किमतीत विजेचा घ्याल तर तो दळत नाही, नुसता कुटतो."

"मग या दोनातला स्वस्त द्या की."

"अहो, थांबा तर! एस्प्रेसोला पूड एकसारखी लागते. मध्ये मध्ये भरड राहिली की पाणी सुळकन निघून जातं. मग कपात काय येणार? काळं पाणी."

तिने दोन्ही ग्राइंडरमध्ये मूठ मूठ बिया घातल्या, दांडे गरागरा फिरवले आणि पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी दोन ढीग ओतले. रंग तोच, वासही तोच.

"आता चिमटीत चोळून बघा. एकात कणी लागेल. डोळ्यांना पत्ता लागत नाही, बोटांना लागतो."

"मग यांनाच विचारा ना!" बायकोचा आवाज एकदम चढला. "अहो, या की पुढे. हे रफूगार आहेत बरं का. यांनी भरलेलं भोक, तो कोट शिवणाऱ्यालासुद्धा सापडायचं नाही. कापड चिमटीत धरलं की सांगतात, लोकर किती नि भेसळ किती. तेही डोळे मिटून!"

"असं? मग काका, तुम्ही डोळे मिटूनच सांगा," दुकानदारीण हसली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो महिनाभर स्वतःला बजावत आला होता. आता मूठ उघडणं आलं. त्याने खिशातून हात काढला आणि डोळे मिटले. बायकोने मनगट धरून त्याचा हात आधी एका ढिगावर नेला, मग दुसऱ्यावर. त्याने पूड चोळली. कापड चोळताना मान जराशी कलती करायचा, तशी मानही कलती केली. सवय कुठे जाते! बोटं मात्र काही म्हणाली नाहीत. ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी एकमेकांवर फिरत राहिली.

"हा," तो शेवटी म्हणाला. "उजवीकडचा. एकसारखा आहे. रेशीम नुसतं."

त्याने डोळे उघडले तेव्हा दुकानदारिणीचं हसू जागच्या जागी थांबलं होतं.

"काका, तो तर..."

बायकोने उजवीकडच्या ढिगातली चिमूटभर पूड केव्हाच उचलली होती. तिचा अंगठा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरता फिरता अडकला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. हात पदराला पुसला.

"हाच द्या बांधून," ती म्हणाली.

"काकू, पण याच्यात कणी आहे. तुमची एस्प्रेसो..."

"यांच्या बोटांना कळतं. तीस वर्षं कळत आलंय. तुम्ही बांधा."

दुकानदारिणीने मुकाट्याने खोकं आणलं. स्वस्तातला म्हणून घेतायत, असं तिला वाटलं असावं. वाटू दे. त्याला यातलं कशाचंच काही वाटेना.

बाहेर पडल्यावर बायको बोलत राहिली. ओट्यावर कुठली वस्तू कुठे सरकवायची, यंत्राला जागा कशी करायची, सोमवारी दुकानात जाताना थर्मासमध्ये कॉफी भरून न्यायची. बसथांब्यापाशी पोचेपर्यंत तिचं बोलणं संपलं. त्याने खोकं डाव्या काखेत धरलं होतं. उजव्या हाताच्या बोटांची टोकं तिने हळूच आपल्या मुठीत घेतली. कोपर ओढलं गेलं तेव्हा त्याला ते कळलं.

एक बस आली, त्यांची नव्हती, गेली.

"दुखतंय का हो?" तिने विचारलं.

"काय?"

तिची नजर खाली होती, म्हणून त्यानेही खाली बघितलं. त्याच्या तर्जनीच्या टोकात तिने अंगठ्याचं नख रुतवलं होतं. भोवतालची कातडी पांढरी पडली होती. ओठ दाताखाली धरून ती अजून दाबतच होती.