जुलैतला नाताळ

"ते भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं काढता का?" कर्स्टी हळूच म्हणाली. "आईला आज नाताळ आहे असंच वाटू द्या."

"वाटू द्या म्हणजे? आहेच की नाताळ!" गेस्ट हाऊसची मालकीण लिनेट हसली. पण कॅलेंडर काढून तिनं कपाटामागे सरकवलं.

तसं तिचंही खोटं नव्हतं. डिसेंबरात सिडनीकडे माणूस घामानं निथळत असतो. तेव्हा कसली आलीय शेकोटी नि कसलं गरम पुडिंग! म्हणून कटूम्बाच्या डोंगरात ऐन थंडीत, जुलैतच, एक नाताळ उरकून घेतात. झाड, दिवे, गाणी, भाजलेली टर्की, सगळं साग्रसंगीत. लोक हौसेनं येतात, मजा करतात आणि डिसेंबरात पुन्हा खरा नाताळ करायला मोकळे.

कर्स्टीला मात्र डिसेंबरपर्यंत थांबून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, डिसेंबर धरून चालू नका. आईची ऐंशी कधीच उलटली होती. तिच्या डोक्यात वार आणि महिने एकमेकांत मिसळून गेले होते. निदान एक शेवटचा नाताळ दोघींनी मिळून करावा, एवढीच कर्स्टीची इच्छा होती. पण हा जुलै आहे हे आईला कळलं, तर ती विचारणार, एवढी घाई का? त्याचं उत्तर कर्स्टीनं एकदा दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आई ते साफ विसरून गेली, तेव्हा कर्स्टीनं देवाचे आभार मानले होते. पुन्हा ते बोलायची तिची छाती नव्हती.

सकाळी दोघी बाहेर पडल्या तेव्हा गाव धुक्यात बुडालं होतं. दुकानांचे दिवे नुसतेच हवेत लोंबकळल्यासारखे दिसत होते. दरीवरून जाणाऱ्या केबल कारमध्ये बसल्या, तर खाली जमीन नाही, वर आभाळ नाही. सगळं पांढरं आणि गप्प. कुठूनतरी एक पक्षी ओरडला आणि तोही विरून गेला.

"आपण मेलो की काय गं?" आईनं विचारलं.

"काहीतरीच काय बोलतेस, आई!"

"मग बरं झालं. अजून चहा व्हायचाय माझा."

कर्स्टीला खुदकन हसू आलं. खूप दिवसांनी आलं. हे असंच तरंगत राहावं, पलीकडे पोचूच नये, असं तिला फार वाटलं.

उतरल्यावर मात्र आईनं पिच्छा पुरवला. दर बाकापाशी थांबायचं. "माझे गुडघे मेले दगा देतात. बस जरा." कर्स्टी बसायची. बसायला मिळालं की तिलाही बरंच वाटायचं. एका बाकामागे वॉटलचं झाड पिवळंधमक फुललं होतं. डिसेंबरात ते कधी फुलत नाही. कर्स्टी आईला घाईनं दुसरीकडे वळवू लागली.

"अगं बाई, हे आत्ता कसं फुललं?"

"यंदा हवा विचित्र आहे ना, आई."

"असेल. झाडाला काय, त्याची मर्जी," आई म्हणाली आणि पुढे झाली.

दुपारी जेवणाला सगळ्यांनी कागदी मुकुट घातले. कर्स्टीनं तो लोकरीच्या टोपीवरच चढवला. शेकोटी धडधडत होती, कुणीतरी पियानो वाजवत होतं. लहानपणी माहेरच्या गावी, डंडीला, ऐकलेलं गाणं आई डोळे मिटून गुणगुणत होती. तिचा चेहरा बघून कर्स्टीला भरून आलं. साधलं बाई, ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा गलेलठ्ठ गृहस्थ उठला. याच्या तोंडात तीळ भिजणं अवघड. पेला उंचावून तो गरजला, "खा मंडळी, पोटभर खा! खरा नाताळ अजून पाच महिने लांब आहे!"

कर्स्टीनं झटकन आईकडे पाहिलं.

"काय म्हणाला गं तो?" आईनं विचारलं.

"पुडिंग छान झालंय म्हणाला."

"त्यासाठी एवढं बोंबलायचं? मी काय बहिरी आहे?" आईनं कर्स्टीची बशी आपल्याकडे ओढली. "तुझं तसंच राहिलंय. आण इकडे, वाया कशाला घालवायचं?"



उन्हं कलताना दोघी कड्याच्या टोकाशी गेल्या. धुकं हळूहळू खाली बसत होतं. त्यातून आधी खडकांची टोकं वर आली, मग समोरचा अख्खा कडा. त्यावर केशरी ऊन पडलं होतं. दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

मग कर्स्टीनं मनाचा हिय्या केला. "आई, नव्या वर्षात पर्थला ह्यूकडे राहायला जाशील? तुझा लेक तुला अगदी फुलासारखं जपेल."

"आणि तू?"

"मी येईनच की मागून."

आईनं आपल्या गळ्यातला मफलर काढला आणि कर्स्टीच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. मग तिची टोपी कानांवर ओढली.

"सांभाळ बाई. जुलैतला वारा वाईट."

कर्स्टी जागच्या जागी थिजली. "आई, तू आत्ता काय म्हणालीस?"

"मी काहीच विसरले नाही गं," आई तिचा हात घट्ट धरून म्हणाली. "सोंग घेतलं. पोटच्या पोरीवर स्वतःचं मरण आईला दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ नये म्हणून."