सात वर्षांचा अनुभव

"चमचा खाली ठेवू नकोस," थोरली म्हणाली. "भरवता भरवताच बोल. काय करतेस तू?"

धाकटीने आईच्या ओठांशी सूप धरलं. "आय वर्क."

"आणि आत्ता, या घडीला?"

"आय अ‍ॅम वर्किंग."

"सात वर्षांपासून?"

इथे धाकटीचं घोडं रोज अडायचं. "आय अ‍ॅम... सेव्हन इयर्स..."

"पालथ्या घड्यावर पाणी," थोरली म्हणाली. इंग्रजीची पुस्तिका तिच्या मांडीवर मिटलेलीच होती. "आय हॅव बीन वर्किंग फॉर सेव्हन इयर्स. म्हण. आणि हनुवटी पूस आईची."

नोकरी परदेशातल्या एका वृद्धाश्रमात होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं सगळं करायचं. एजंट म्हणाला होता, इंटरव्ह्यू फोनवर होईल, वर्क हे एक क्रियापद वर्तमानकाळात धड वापरता आलं तरी निभावेल. अनुभव मात्र हवा.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहायची. अनुभव होता थोरलीला. आई पडली, तिची वाचा गेली, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून थोरली घराबाहेर पडायची ती औषधं आणण्यापुरती.

"माझी वर्षं तुझ्या नावावर लिहू," हे थोरलीनेच सुचवलं होतं. "मला काय करायचीत?"

धाकटीला लाज वाटली होती. आपण सुटणार आणि ताई इथेच राहणार. लाज वाटली, तरी जायचं होतंच.

फॉर्म, फोटो, पासपोर्ट सगळं थोरलीच एजंटकडे देऊन आली. दोघींचे पासपोर्ट कपाटात एकाच पिशवीत होते. थोरलीचं लग्न परदेशातल्या एकाशी ठरलं, तेव्हा दोघींनी हौसेने काढलेले. पुढे आईच्या आजारपणात ते लग्न बारगळलं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"तिकडे हेच करायचंय. हात बसला पाहिजे," थोरली म्हणायची. म्हणून दुकानाच्या आधी आणि दुकानानंतर आईचं सगळं धाकटीकडे आलं. थोरली पायथ्याशी खुर्ची टाकून बसायची आणि प्रश्न विचारायची. सुरुवातीला चादर बदलताना धाकटीचा असा काही गोंधळ उडायचा, की थोरली म्हणायची, "अगं, आईची वळकटी करशील." मग हळूहळू जमलं. गोळ्या कुटणं, पाठीला पावडर, दर दोन तासांनी कूस बदलणं. तिसऱ्या महिन्यात तर थोरलीने चमचा पुढे केला की आई तोंडच उघडेना. धाकटीने केला की उघडायची.

"बघ, विसरली मला," थोरली म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलं की बरं, ते धाकटीला कळेना.

फोन आला तो एका रविवारी दुपारी. चादर अर्धी काढलेली, आई कुशीवर, आणि धाकटीचे दोन्ही हात तिच्या पाठीला.

"सोडू नकोस, पडेल ती," थोरली म्हणाली, आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

भिंतीपलीकडून धाकटीला तुटक तुटक ऐकू आलं. आय वर्क अ‍ॅट होम. आय अ‍ॅम वर्किंग नाऊ. आणि मग ते लांबलचक वाक्य, कुठेही न अडखळता.

थोरली परत आली. चादरीचं दुसरं टोक तिने गादीखाली खोचलं.

"माझ्यासाठी बोललीस?" धाकटीने विचारलं. तिला रडू येत होतं.

"मग कुणासाठी बोलणार?"

"झालं का?"

"झालं. घेतलंय त्यांनी."

त्या आठवड्यात धाकटीने दुकानाचा राजीनामा दिला. बॅग थोरलीनेच आणली, चाकांची, निळी. तुझ्या मदतीला मी बाई ठेवीन, पगार झाला की पैसे पाठवीन, असं धाकटी तिला रोज सांगायची. थोरली हूं म्हणायची.

पाकीट आलं तेव्हा थोरली स्वयंपाकघरात होती. धाकटीने ते उभ्या उभ्याच फोडलं. व्हिसाचा कागद, सोमवारचं तिकीट. तिने नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"ताई, एजंटने घोळ घातलाय बघ. तुझं नाव टाकलंय. फोटोपण तुझाच."

थोरली हात पुसत बाहेर आली. तिने कागद घेतला आणि नीट घडी घातली.

"घोळ नाही," ती म्हणाली. "चारला आईची कूस बदलायची. तुला आता सगळं येतं."